तीच रिंग, तोच दाब, तरी दोन उत्तरं: घर्षणाचं गणित असंच असतं का?

निशिगंध_मुलुंड (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी अंधेरीला पंप बनवणाऱ्या एका कंपनीत डिझाइनला आहे. गेले आठ दिवस एका ओ-रिंगने माझी झोप उडवली आहे, म्हणून इथे लिहिते.

पंपाचं अंग आणि झाकण यांच्या मधल्या खाचेत, पाणी गळू नये म्हणून, ही रबरी रिंग बसते. कॉम्प्युटरवर तिचं मॉडेल केलंय. रबर मऊ, बाकी लोखंड, दोघांत घर्षणांक ०.३. पहिल्यांदा झाकण पूर्ण दाबलं आणि मग आतून पाण्याचा दाब दिला. दुसऱ्यांदा दोन्ही एकदमच हळूहळू वाढवत नेले. शेवटी झाकण तितकंच दाबलेलं, पाणीही तितकंच, दहा बार. पण रिंग दोन वेळा दोन वेगळ्या आकारात बसली! पहिल्या वेळी ती मधेच वाकडी होऊन अडकली, दुसऱ्या वेळी खाचेच्या बाहेरच्या भिंतीला नीट जाऊन टेकली. ताणही अर्थातच वेगळे.

घर्षण शून्य केलं की दोन्ही उत्तरं तंतोतंत जुळतात. वरिष्ठ म्हणतात, तुझं सेटिंग चुकलंय, एकाच प्रश्नाला दोन उत्तरं कशी येतील? मला वाटतं सेटिंग बरोबर आहे, पण पटवून देता येत नाहीये. चूक माझी, सॉफ्टवेअरची, की हे गणितच असं आहे?

तर्कट

मेश, म्हणजे मॉडेलचे तुकडे पाडणारी जाळी, बारीक करून पाहिली का? घर्षण म्हणजे म्यू गुणिले एन, म्हणजे घर्षणांक गुणिले दाबणारा जोर, नववीत शिकलेलं. त्यात दोन उत्तरांना जागाच नाही.

निशिगंध_मुलुंड

तीनदा बारीक केली. फरक तसाच.

अनिकेत_पवई

ताई, सेटिंग चुकलेलं नाही. माझं संशोधन याच विषयात चाललंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

नववीतला ठोकळा कडक असतो. तो टेबलाला कुठे टेकलाय हे आधीच माहीत असतं, आणि तो एक तर हलतो किंवा हलत नाही. रबराचं तसं नाही. ते कुठे टेकणार, हेच आधी माहीत नसतं. दाबलं की टेकलेला भाग पसरतो, पसरला की दाब वेगळा वाटला जातो, दाब बदलला की आकार बदलतो आणि टेकलेला भाग पुन्हा बदलतो. म्हणजे जिथे अट लावायची ती जागाच उत्तराचा भाग आहे.

इटलीच्या सिन्योरिनींनी १९३३ मध्ये हा प्रश्न मांडला आणि १९५९ मध्ये तो पुन्हा हाती घेतला. 'संदिग्ध सीमा-अटींचा प्रश्न' असं त्याला ते म्हणत. प्रत्येक बिंदूपाशी दोनच शक्यता: एक तर फट आहे आणि दाब शून्य, किंवा फट शून्य आहे आणि दाब आहे. फट उणे होणार नाही, म्हणजे एक वस्तू दुसरीत घुसणार नाही. आणि दाब फक्त ढकलेल, ओढणार नाही. बरोबरीच्या समीकरणाच्या जागी इथे असमानता येते आणि गणिताचा पोतच बदलतो. त्यांचेच विद्यार्थी फिकेरा यांनी १९६३ च्या सुरुवातीला सिद्ध केलं की या प्रश्नाला उत्तर असतंच आणि ते एकच असतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिन्योरिनी वारले. आपण मांडलेला प्रश्न सुटलेला त्यांना पाहायला मिळाला, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

पण ते सगळं घर्षणाशिवाय. तुमची शून्य घर्षणाची दोन उत्तरं जुळतात ती म्हणूनच (रबराचा आकार खूप बदलतो तेव्हा गणित आणखी गुंतागुंतीचं होतं, पण तुमच्या रिंगला एवढं पुरे). घर्षण आलं की प्रत्येक बिंदूला तिसरा प्रश्न विचारावा लागतो: तू चिकटलायस की घसरतोयस? चिकटला असेल तर आडवा जोर म्यू-एनपेक्षा कितीही कमी असू शकतो, नेमका किती ते तो तिथवर कसा पोचला यावर ठरतं. घसरत असेल तर जोर म्यू-एन इतकाच आणि घसरण्याच्या उलट दिशेला. 'घसरण्याची दिशा' म्हटलं की वेळ आला, क्रम आला. म्हणजे तुम्ही विचारलाय तो एक प्रश्नच नाही. दोन वेगळ्या वाटांचे दोन प्रश्न आहेत.

तर्कट

अनिकेत, मांडणी चांगली आहे. पण पंप विकायचाय, प्रबंध लिहायचा नाही. रोजच्या कामात कोणी इतकं बघतं का?

चक्रधर

बघतं. मी रेल्वेच्या वर्कशॉपात तेहतीस वर्षं चाकांवर काम केलं. लोकल कशावर उभी असते माहितीये? एका चाकावर आठ-दहा टन, आणि चाक रुळाला टेकतं ती जागा साधारण अंगठ्याच्या नखाएवढी. एका चौरस सेंटिमीटरवर दहा टन, म्हणजे जवळपास दहा हजार वातावरणांचा दाब. पोलाद तिथे किंचित दबतं म्हणून ती नखाएवढी जागा तरी मिळते. अगदी कडक असतं तर एका बिंदूवरच उभं राहिलं असतं.

आता गंमत बघा. मोटरचं चाक गाडी ओढतं तेव्हा त्या नखाएवढ्या जागेतसुद्धा पुढचा भाग रुळाला चिकटलेला असतो आणि मागचा घसरत असतो. कार्टर नावाच्या इंग्रजाने १९२६ मध्ये याचं गणित केलं. म्हणून चाक एका फेऱ्यात आपल्या घेरापेक्षा किंचित कमीच अंतर कापतं. जोर वाढवला की घसरणारा भाग पुढे पुढे सरकतो. सगळी जागा घसरायला लागली की चाक जागच्या जागी गरगर फिरतं.

पहिल्या पावसाची रिमझिम असते ना, ती मोटरमनला सगळ्यात वाईट. रुळावरची धूळ, तेल आणि थोडंसं पाणी यांचा पातळ लेप होतो. धो-धो कोसळला की रूळ धुऊन निघतो आणि पकड थोडी सुधारते. जूनच्या पहिल्या आठवड्यात चाकं पुढे यायची, त्यांवर ब्रेक लागल्यावर न फिरता घसरून पडलेले जळल्यासारखे निळसर डाग असायचे. अंगठा फिरवला तर कड हाताला लागायची. असं चाक लेथवर घेऊन साफ करावं लागे.

निशिगंध, तुझे वरिष्ठ चुकताहेत असं नाही म्हणत. त्यांनी घसरण बघितली असेल, ती अर्धी-अर्धी असते हे बघितलेलं नसेल.

निशिगंध_मुलुंड

काका, नखाएवढ्या जागेतही अर्धं चिकटलेलं, अर्धं घसरलेलं, हे डोक्यातून जातच नाहीये. माझ्या रिंगचं चित्र पुन्हा उघडून बघितलं. तिथेही तसंच दिसतंय, कडांना घसरण आणि मधे चिकटलेला पट्टा.

अनिकेत_पवई

अगदी तेच. कडांना दाब शून्याकडे जातो, म्हणून म्यू-एन तिथे आधी संपतं आणि घसरण कडेपासून सुरू होते. १९३८ मध्ये कात्तानेओ आणि १९४९ मध्ये मिंडलिन, दोघांनी स्वतंत्रपणे एकमेकांवर दाबलेल्या गोलांसाठी हे दाखवलं. आणि ताईंच्या प्रश्नाला थेट लागू पडेल असं काम मिंडलिन आणि डेरेसिविच यांचं, १९५३ चं: आडवा आणि उभा जोर कुठल्या क्रमाने वाढवले यावर शेवटची अवस्था ठरते, शेवटचे आकडे तेच असले तरी. वरिष्ठांना दाखवायला एवढं पुरे.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. चालू द्या.

गिरगावची_सुधा

मला गणित येत नाही, पण घर्षण रोज हातात असतं. आमच्याकडे अजून पाटा-वरवंटा आहे. वर्ष-दोन वर्षांत पाटा गुळगुळीत होतो आणि खोबरं नुसतं इकडून तिकडे सरकतं, वाटलं जात नाही. मग टाकी लावून घ्यायची. पूर्वी चाळीच्या दारातून टाकीवाल्या बाया जायच्या. छिन्नी-हातोडी घेऊन त्या जोत्यावर बसायच्या आणि पाट्यावर बारीक बारीक खळगे पाडायच्या. टाकी लावली की पहिल्या दोन वाटणांत खर येते, म्हणून आधी तांदूळ वाटून टाकून द्यायचे.

तुम्ही सगळे म्हणताय, टेकलेली जागा. टाकी लावली तर टेकणारी जागा उलट कमी झाली ना? मग पकड वाढली कशी?

अनिकेत_पवई

सुधाताई, फार नेमका प्रश्न आहे. नुसत्या डोळ्यांना दिसते ती टेकलेली जागा खरी नसतेच. गुळगुळीत वाटणारे दोन पृष्ठभागही उंचवट्यांच्या टोकांवरच टेकतात. केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर यांनी दाखवलं की खरी टेकलेली जागा दिसणाऱ्या जागेच्या कितीतरी कमी असते, आणि ती वजनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून घर्षणही वजनाच्या प्रमाणात. फ्रान्सच्या कुलोंने सतराशेऐंशीच्या दशकात मोजून सांगितलं त्याचं कारण विसाव्या शतकात हाती आलं.

यात एक अडचण होती. जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झचं १८८१ चं गणित सांगतं की एक गोळा दाबला तर टेकलेली जागा वजनाच्या दोन-तृतीयांश घाताने वाढते, थेट प्रमाणात नाही. ते गणित त्याने १८८० च्या नाताळच्या सुट्टीत केलं, तेविसाव्या वर्षी, काचेच्या भिंगांचा विचार करता करता. मग थेट प्रमाण आलं कुठून? ग्रीनवुड आणि विल्यमसन यांनी १९६६ मध्ये उत्तर दिलं: उंचवटे लहान-मोठे असतात, वजन वाढलं की जुने पसरतात आणि नवे टेकतात, आणि सगळ्यांची बेरीज जवळपास थेट प्रमाणात येते.

पण तुमच्या पाट्याची गोष्ट वेगळी. तिथे दगड दगडाला घासायचाच नाहीये. मधे खोबरं आहे आणि ते खळग्यात अडकून कापलं जायला हवं. खळगे पकड देत नाहीत, खोबऱ्याला धरून ठेवतात.

गिरगावची_सुधा

पटलं. कोरडा पाटा आणि खोबरं घातलेला पाटा यात हाताला लागणारा जोर वेगळा का, तेही कळलं.

षड्ज

थोडं अवांतर. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे घोडी घासून तारेला आणलेला तो गुंजणारा आवाज, याच घरातली आहे का? घोडीचा माथा किंचित गोलसर घासलेला असतो. तार त्यावर टेकते, कंप पावताना टेकते-सुटते, टेकते-सुटते. खाली सुताचा दोरा सरकवून ती नेमकी जागा शोधायची. केसभर सरकला की आवाज मिटतो, पुन्हा केसभर सरकवला की सगळे स्वर फुलून येतात. माझे गुरुजी जवारी काढताना घोडीला हात लावायचे, कानाने ऐकायचे, पुन्हा एक हलका घस. एका तंबोऱ्याला एक पूर्ण दुपार.

अनिकेत_पवई

अवांतर मुळीच नाही. तार कुठे टेकली हे आधी माहीत नाही, घोडी ढकलते पण ओढत नाही: सिन्योरिनीचीच अट, फक्त कंप पावणाऱ्या तारेवर. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर लिहिलंय. ठरावीक बिंदूवर बांधलेल्या तारेत जे स्वर यायला नकोत तेही या वाद्यांत ऐकू येतात, हे त्यांनी नोंदवलं.

दोरीवाला_दादर

दोरीच्या मल्लखांबाबद्दल कोणीच कसं बोललं नाही! मी मुलांना शिकवतो. खांबाला एरंडेल लावतात, म्हणजे अंग घसरावं. दोरीवर उलट, दोरीनेच धरायचं. मुलगी दोरी पायाच्या अंगठ्यात पकडते, मांडीला एक वेढा, कमरेला एक, आणि हात सोडते. बघणाऱ्याला वाटतं गाठ मारलीये. गाठ नसते.

एका कार्यक्रमाला आलेल्या प्राध्यापकांनी फळ्यावर मांडून दाखवलं होतं. घर्षणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्याला जोर साडेसहा पट होतो, दोन वेढ्यांना त्रेचाळीस पट, तीन वेढ्यांना पावणेतीनशेच्या वर. अंगठ्याने एक किलोने धरलं तरी दोन वेढ्यांनी त्रेचाळीस किलोचं पोर पेलतं. तेव्हापासून मी मुलांना आकडे सांगतो आणि त्यांची भीती निम्मी होते.

भाऊचा_धक्का

आमचं रोजचं तेच. लाँच धक्क्याला लागली की खलाशी दोर खुंट्याला तीन वेढे घालतो आणि टोक एका हाताने धरून उभा राहतो. लाटेने बोट ओढली तरी हात हलत नाही. फक्त वेढे घालायच्या आधी ताण आला तर हात सोलून निघतो.

तर्कट

हे गणित तर सरळ आहे, वेढ्यांचं ऑयलरचं सूत्र. यात क्रमाचा इतिहास कुठे आला?

दोरीवाला_दादर

आला ना दादा. ते सूत्र सगळा दोर घसरायच्या बेतात आहे असं धरतं. खरं तर मांडी मऊ, दोर रुततो, कातडी ओढली जाते. मुलीने आधी वेढा आवळून मग वजन टाकलं तर दोर बसल्या जागी राहतो. वजन टाकत टाकत आवळला तर आवळेपर्यंत तो चार बोटं सरकतो आणि मांडीवर लाल वळ उठतो. वजन तेच, वेढे तेवढेच. धागाकर्तीच्या रिंगसारखंच झालं ना?

निशिगंध_मुलुंड

दादा, हे उदाहरण मी उद्या ऑफिसात सांगणार आहे!

तर्कट

बरं, क्रमाचं मान्य. पण अनिकेत, एक शंका उरतेच. ठरलेल्या एकाच वाटेने गेलो तर उत्तर एकच येईल याची खात्री आहे का?

अनिकेत_पवई

नेहमी नाही. हा या विषयाचा सगळ्यात अवघड कोपरा. घर्षणाचा जोर दाबावर अवलंबून, दाब आकारावर, आकार घर्षणावर. त्यामुळे ऊर्जा सगळ्यात कमी कुठे ते शोधा आणि सोडा, असं करता येत नाही. नेचास, यारुशेक आणि हासलिंगर यांनी १९८० मध्ये उत्तर असतं हे सिद्ध केलं, पण घर्षणांक पुरेसा लहान असेल तरच. क्लारब्रिंगने १९९० मध्ये साधी स्प्रिंगची उदाहरणं देऊन दाखवलं की घर्षणांक मोठा असला तर दोन उत्तरं येऊ शकतात किंवा एकही येत नाही. कॉम्प्युटरवर मॉडेल मधेच अडतं, 'कन्व्हर्ज' होत नाही, म्हणजे एका उत्तरावर स्थिरावत नाही, तेव्हा दर वेळी दोष आपलाच नसतो.

ताई, एक गोष्ट मात्र तपासा. संपर्क पेनल्टीने धरलाय का? पेनल्टी म्हणजे दोघांमध्ये खूप ताठ स्प्रिंग. ती कमी ताठ असली तर रबर लोखंडात थोडं घुसतं आणि चिकटलेले बिंदूही किंचित सरकतात. फार ताठ केली तर सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम, अडखळतो. ऑगमेंटेड लॅग्रांज ही दुसरी पद्धत लावून पाहा, त्यात ताठपणा बेताचा ठेवून इटरेशनमध्ये, म्हणजे तेच गणित पुन्हा पुन्हा करत, घुसणं कमी करत नेता येतं. आणि पावलं लहान घ्या. मोठ्या पावलात एखादा बिंदू आधी घसरून मग चिकटला तर ते दिसतच नाही.

लालबागचा_फिटर

मंडळी, वाचत होतो, आता राहवत नाही. छत्तीस वर्षं पंप जोडले. पोरी, तू आधी काय विचारायला हवं होतंस सांगू? कारखान्यात ती रिंग बसवतात कशी.

खाच पुसायची. बोटावर ग्रीस घ्यायचं, रिंगवर पातळ हात फिरवायचा, चमक दिसेल इतकंच. कोरडी बसवली तर झाकण येताना तिला धरतं, पिळतं, आणि ती खाचेत वाकडी राहते. मग झाकण. बोल्ट आधी हाताने, मग पान्याने समोरासमोर, एकाच बाजूने नाही, तीन फेऱ्यांत. पाणी सगळ्यात शेवटी. दोन्ही एकदम कधीच होत नाही. त्यामुळे तुझं दुसरं मॉडेल कागदावर कितीही सुंदर असू दे, तशी रिंग जगात कुठे बसत नाही.

आणि पान्याचा जोर म्हणजे बोल्टचा ताण असं समजू नकोस. जवळपास नव्वद टक्के जोर बोल्टच्या डोक्याखालचं आणि आट्यांचं घर्षण खातं. आटे तेलकट की कोरडे, यावर तोच टॉर्क लावून ताण कुठल्या कुठे जातो.

रिंग कुठल्या रबराची? ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) असेल तर साधं खनिज तेलाचं ग्रीस लावू देऊ नकोस, फुगते. सिलिकॉनचं लावायचं.

चक्रधर

फिटरसाहेब, नमस्कार. समोरासमोर आणि तीन फेऱ्या, हे नव्या पोरांना सांगून सांगून मी थकलो होतो.

निशिगंध_मुलुंड

सगळ्यांना उत्तर द्यायला दोन दिवस लागले, कारण काम करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

फिटरकाका, तुमचा प्रतिसाद वाचून दुसऱ्या दिवशी सकाळी थेट जोडणीच्या शेडमध्ये गेले. तीन वर्षांत पहिल्यांदा. तिथे रिंग कोरडीच बसवत होते. मी एक झाकण परत उघडायला सांगितलं. रिंग बाहेर आली तेव्हा तिच्या पाठीवर एका बाजूला चपटा पट्टा पडला होता आणि साच्याची बारीक रेघ, जी सरळ असायला हवी, ती नागमोडी फिरली होती. माझ्या पहिल्या मॉडेलमधला वाकडेपणा तंतोतंत तोच! फोटो काढून वरिष्ठांच्या टेबलावर ठेवला. ते बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, क्रमाने दाब देणारंच मॉडेल ठेव.

रिंग ईपीडीएमचीच आहे. सिलिकॉन ग्रीस मागवलंय. ग्रीस लावलेल्या पृष्ठभागासाठी घर्षणांक ०.१ धरला, अनिकेतने सांगितल्याप्रमाणे ऑगमेंटेड लॅग्रांज आणि लहान पावलं. आधी झाकण, मग पाणी. रिंग सरकून भिंतीला जाऊन टेकते, मधे अडकत नाही. ०.०५ आणि ०.१५ लावूनही पाहिलं, आकार फारसा बदलत नाही. ०.३ च्या आसपास मात्र अजूनही अडकते.

तर्कट

हे आवडलं. म्यू बदलून पाहिलंस, हे सगळ्यात मोलाचं. एकाच आकड्यावर विसंबून राहिली नाहीस.

अनिकेत_पवई

ताई, त्या नागमोडी रेघेचा फोटो इथे टाकता येईल का? वर्गात दाखवायचा आहे.

निशिगंध_मुलुंड

कंपनीला विचारून टाकते. गुरुवारी नव्या रिंगची पाण्याची चाचणी आहे.

लालबागचा_फिटर

किती बारला?

निशिगंध_मुलुंड

पंधरा. अर्धा तास. काका, बोल्ट मी स्वतः आवळणार आहे.

लालबागचा_फिटर

समोरासमोर.